सोमवारपर्यंत पुसायचा रकाना

आपा,

सोमवारी दुपारी बाराच्या आत मला आपला रकाना पुसून सगळ्या ड्यूटी लिस्ट पाठवून द्यायच्या आहेत. आज शनिवार आहे, अडीच वाजलेत, हाफ डे म्हणून मजला रिकामा झालाय आणि मी एकटीच बसले आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, तेव्हा नीट सांगायला हवं. आपलं हॉस्पिटल विकलं गेलं. मोठ्या डॉक्टरांच्या मुलांना ते चालवायचं नव्हतं. एका ग्रुपने घेतलं, गेटवरची पाटी बदलली, वॉर्डातल्या मावश्यांच्या साड्या जाऊन त्यांना पँट-शर्ट आले, आणि पुढच्या एक तारखेपासून ड्यूटी लिस्ट हेड ऑफिसचं ॲप लावणार आहे. सिस्टर, मावश्या, वॉर्डबॉय मामा, काउंटरचे क्लार्क, सगळ्यांची. म्हणजे तुम्ही पेन्सिलीने करत होतात आणि तुमच्यामागे मी एक्सेलमध्ये करत आले, ते काम संपलं. मला काढलेलं नाही, काळजी करू नका. मला 'डेटा'वर बसवणार आहेत. तिथे नेमकं काय करायचं असतं असं विचारलं, तर म्हणाले, समजेल हळूहळू.

एचआरला एक साहेब आलेत. खारघरहून गाडीने येतात, माझ्या भाच्याच्या वयाचे, कानात सदानकदा ती पांढरी बोंडं. बोलणं मात्र अदबीचं. मंगळवारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅम, तुमच्या शीटमध्ये एक कॉलम हाइड केलेला आहे," म्हणाले. मी म्हटलं, आहे. "त्यात लोकांचं पर्सनल लिहिलंय. कुणाच्या मिस्टरांचं डायलिसिस, कुणाची सासू... हे आपण ठेवू शकत नाही, मॅम. प्रायव्हसीचा इश्यू होतो. प्लीज डिलीट करून पाठवा, जुन्या सगळ्या फाइल्समधून पण." मी विचारलं, मग तुमच्या ॲपला हे कळणार कसं? "ज्याला सुट्टी हवी तो रिक्वेस्ट टाकेल ना," ते म्हणाले, आणि मला समजलं नसेल म्हणून मोबाईल काढून बटण कुठे असतं ते दाखवलं. त्यांचं चुकत नाही हे मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. चुकत असते तर भांडले असते. भांडायला मी कमी पडत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

पहिल्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही जिन्याखालच्या खोलीत लिस्ट करत बसला होतात. जुन्या कॅलेंडरची पानं मागच्या कोऱ्या बाजूने चिकटवून केलेला एक लांबच लांब कागद टेबलावर पसरलेला, दुपट्ट्यावरून कानामागे पेन्सिल खोचलेली. मी चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आणि मला वाटलं होतं की हॉस्पिटलचं ऑफिस म्हणजे काहीतरी गंभीर असणार. इथे तर एक सिस्टर स्टुलावर बसून सांदण खातेय आणि तुम्ही तिला विचारताय की धाकटीची शाळा कितीची सुटते. ती चिठ्ठी घेऊन आली होती. तुम्ही चिठ्ठी उलगडलीसुद्धा नाहीत. "चिठ्ठी काय वाचू? तोंड आहे ना तुला? आधी बस गो, तसल्लीनं सांग." हा तुमचा कायदाच होता. दर महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्याला कुठला दिवस हवा असेल त्याने स्वतः यायचं, स्टुलावर बसायचं, काहीतरी खायचं आणि कारण तोंडाने सांगायचं. मेट्रनबाई चिडायच्या, की हे ऑफिस आहे का मोहल्ला. मलाही तो दरबार वाटायचा. घरी जाऊन आईला नकला करून दाखवायची मी. पण तुमच्या कागदाला डावीकडे चार बोटं समास सोडलेला असायचा आणि त्यात मुंगीएवढ्या अक्षरात तुम्ही सगळं टिपायचात. या मावशीला सोमवारी सकाळ नको, नातवाला फिट येते. त्या मामाला शुक्रवारी दुपार मोकळी. ही सिस्टर सांगणार नाही, पण हिला अमावास्येला गावी जायचं असतं. लोक स्टुलावरून उठताना हलके होऊन उठत, हे मी पाहत होते. मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटत नव्हतं, कारण मला स्वतःला कधी स्टुलावर बसावं लागलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आला. तुम्ही त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलात, धूळ बसू नये म्हणून, आणि दोन महिने तो रुमाल कोणी काढला नाही. शेवटी मेट्रनबाईंनी मला क्लासला पाठवलं. स्टँडजवळ मिठाईच्या दुकानावर तो क्लास होता, शनिवार-रविवार, एका मशीनवर दोघं. माझ्या शेजारी कॉलेजची पोरं, मी बत्तीस वर्षांची, माउस धरला की हात घामेजायचा. खालून तुपाचा वास यायचा आणि सर वरून ओरडायचे, सेल सिलेक्ट करा, सेल. तीन रविवार मला कळलंच नाही की सेल म्हणजे तो चौकोन. चौथ्या रविवारी त्यांनी कोपऱ्यातला काळा ठिपका धरून ओढायला शिकवलं. एका ओळीत मॉर्निंगचा एम, इव्हिनिंगचा ई, नाईटचा एन आणि सुट्टीचा ओ एकदा नीट भरायचा आणि ठिपका धरून ओढायचं, की महिनाभराचे चौकोन आपोआप भरतात. मी घरी रिक्षा न करता चालत गेले त्या दिवशी, इतका आनंद झाला होता. माझ्या हातून काही झरझर होतंय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, आपा. सोमवारी येऊन मी तुमच्यासमोर अख्ख्या हॉस्पिटलची लिस्ट चाळीस मिनिटांत काढून दाखवली. तुम्हाला तिला आठ दिवस लागत. सगळ्यांना सारखे मॉर्निंग, सारखे इव्हिनिंग, सारख्या सुट्ट्या. मी म्हटलं, आता कोणी म्हणायला नको की अमकीला झुकतं माप दिलं. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, छान झालीय, लाव बोर्डावर. मेट्रनबाईंनी मला पेढा दिला. तुमचा चेहरा उतरला होता हे मी पाहिलं आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

त्या लिस्टचा बारावा दिवस मी विसरलेले नाही. दुपारी दोनला इव्हिनिंगची मंडळी आली आणि त्यात नेरे गावाहून येणारी वॉर्डातली मावशी आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. तुम्ही जिन्याखालून बाहेर आलात आणि जागच्या जागी थांबलात. "आज तुझ्या पोरीची हळद ना?" विचारलंत. "हाय ना," ती म्हणाली, "समदी आल्यात घरी. मांडव भरलाय." तुम्ही विचारलंत, मग इथे काय करतेस? तिने बोर्डाकडे बोट केलं. "माजा नाव हाय कागदावर. मना वाटला, तुमी इचार करूनच लावला असंल. नाय म्हणून कसा सांगू?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लेकीच्या हळदीच्या दिवशी सगळं गाव घरी टाकून ती टमटम बदलत कामावर आली होती, कारण तुमच्या हातची लिस्ट कधी चुकत नाही असा तिचा विश्वास होता. तिने महिनाभर आधी स्टुलावर बसून तुम्हाला तारीख सांगितली होती. तुम्ही ती समासात टिपली होती. मी तुमच्या कागदावरची नावं तेवढी कॉम्प्युटरवर घेतली होती आणि समास सोडून दिला होता, कारण क्लासमध्ये समास शिकवलाच नव्हता.

तुम्ही तिला रिक्षात बसवून परत पाठवलंत. मग माझ्याकडे वळलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "ऊठ. तिची ड्यूटी तू करायची." मी म्हटलं, आपा, मी क्लार्क आहे. "आणि ती आई आहे," तुम्ही म्हणालात, "चल, ॲप्रन घाल." रात्री आठपर्यंत मी फीमेल वॉर्डात बेडपॅन उचलली, उलट्या पुसल्या, एका म्हातारीला कुशीवर वळवताना तिने मला दोन शिव्या घातल्या. संतापाने माझे कान तापले होते. तुम्ही छप्पन वर्षांच्या, गुडघे धरलेले, आणि तुम्हीही ॲप्रन बांधून माझ्या मागोमाग पाण्याची बादली घेऊन फिरत होतात. साडेसातला आपण दोघी जिन्याखाली चहा प्यायलो तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, "तुझ्या त्या मशीनमध्ये समास मिळतो का गं?" मला रडू आलं. तुम्ही तिकडे लक्ष न देता बिस्किटांचा पुडा पुढे केलात.

समास मिळत होता. नावाशेजारी एक रकाना वाढवला की झालं. पुढचे पंधरा दिवस तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले. तुम्ही बोट थेट स्क्रीनवर टेकवायचात, काचेवर तेलाचे ठिपके उठायचे, मी मनातल्या मनात चरफडत पुसायची. प्रिंट काढताना तो दिसू नये म्हणून मी रकाना लपवायला शिकले आणि तुम्हाला शिकवलं. दोन टोकं जवळ आणली की मधला नाहीसा होतो आणि लांब नेली की परत येतो, हे तुम्ही दहादा करून बघितलंत आणि लहान मुलीसारख्या हसलात. मावश्या झाल्या, सिस्टर झाल्या, मामा झाले. शेवटी काउंटरची नावं आली, कारण रविवारी ॲडमिशनच्या काउंटरवर आपल्यापैकी एकीला बसावं लागे. माझ्या नावाशी येऊन तुम्ही थांबलात. "बोल, तुझ्यापुढं काय लिहू?" मी म्हटलं, काही नको आपा, मला कुठलाही दिवस चालतो. तुम्ही म्हणालात, असा माणूस नसतो. मी म्हटलं, मी आहे. मला ते म्हणताना अभिमान वाटला होता. लग्न झालेलं नव्हतं आणि होण्यासारखंही काही राहिलं नव्हतं, आईला सांभाळत होते, आणि दिवाळीला, भाऊबीजेला, गटारीला, थर्टी-फर्स्टला काउंटरवर बसायला मी कायम तयार असते अशी माझी ख्याती होती. तुम्ही तो चौकोन कोरा ठेवलात आणि म्हणालात, वाटलं तर नंतर भर.

आता इथे कसं आहे सांगू? दारात अंगठा लावायचा असतो, मशीन माझा अंगठा ओळखत नाही, सिक्युरिटीवाला रोज वहीत सही घेतो. पासवर्ड दर महिन्याला बदला म्हणतं, आणि बदलला की म्हणतं हा जुन्यासारखाच आहे. चार वाजता कुणाचा तरी वाढदिवस असतो. सगळे केक खातात, फोटो काढतात, आणि आपापल्या स्क्रीनकडे जातात. माझ्या रांगेत सात जण बसतात आणि दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं तर ते 'मॅम, प्रिंटर अडकला' एवढंच. गेली कित्येक वर्षं सुट्टीसाठी माझ्याकडे कोणी येऊन बसत नाही. आधी फोन येत, मग ग्रुपवर मेसेज येऊ लागले, त्यावर मी अंगठ्याचं चित्र टाकते. तरी ज्यांना मी ओळखत होते त्यांचं मी रकान्यात भरत राहिले, न विचारता, तुमच्यासारखंच. यावेळी ज्यांच्यापुढे काही लिहिलं आहे त्यांना मी एकेकीला गाठून सांगतेय की आता ॲपमध्ये स्वतः टाकायचं. डायलिसिसवाल्याची बायको, आपल्याकडेच मावशी आहे, करंजाड्याला माझ्या मागच्याच बिल्डिंगीत राहते, मंगळवारी-शुक्रवारी सकाळी ती दोघं रिक्षात चढताना मला दिसतात. ती सगळं ऐकून म्हणाली, "पन तुमाला कसं म्हाईत, आमचं मंगळवारी-शुक्रवारी असतंय? मी तर कुनाला बोलले नाय." मी म्हटलं, माझ्याकडे लिहिलेलं असतं. तीन वर्षं तिला मंगळवारी-शुक्रवारी सकाळ मोकळी मिळत होती आणि तिला वाटत होतं नशीब. मग मला म्हणाली, बाई, एकदा चहाला या ना. येते म्हटलं. अजून गेले नाही.

मंगळवारपासून रोज फाईली उघडतेय. नव्याकडून जुन्याकडे. रकान्याची टोकं लांब नेते, तो दिसतो, एकदा वरपासून खालपर्यंत वाचते आणि पुसते. पहिल्या दिवशी न वाचता पुसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. दरमहा एक फाईल, आणि प्रत्येकीत माझ्या नावापुढचा चौकोन कोरा. आज तासाभरापूर्वी मी त्या महिन्यापाशी आले. त्या एका महिन्यात माझा चौकोन कोरा नाही. तिथे लिहिलं आहे, 'आपांकडे'.

तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि अंथरुणावर होतात. तुमच्या भाचीचा फोन आला, आपा विचारतायत, पहिल्या रविवारी येशील का, म्हणून. मी लिस्टच करत बसले होते. लगेच पहिल्या रविवारी स्वतःला सुट्टी लावली आणि रकान्यात कारण लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फार बरं वाटलं ते लिहिताना. मग जसजसा रविवार जवळ येत गेला तसतशी मी खचत गेले. ईदला आले होते तेव्हा तुमच्या खोलीत गर्दी होती, आखातातून आलेले पुतणे, त्यांच्या बायका, पोरं. कोणीतरी विचारलं, ही कोण? आणि तुमच्या भावजय म्हणाल्या, आपांच्या ऑफिसातली. त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. मी होतेच ऑफिसातली. पण मला कळलं की तुम्ही गेलात की त्या घरात येऊन बसायला मला काही कारण उरणार नाही, रडायलासुद्धा मी दारातल्या चपलांशी उभी राहणार. ते मला बघायचं नव्हतं. शुक्रवारी मी काउंटरवाल्या मुलीला म्हटलं, रविवारी तू सुट्टी घे, मी बसते. ती म्हणाली, अहो, तुम्हाला हवी होती ना? मी तिच्या चौकोनातला ई काढून ओ केला आणि माझ्यातला ओ काढून ई. रकान्यातलं पुसायला मात्र विसरले. भाचीला फोन करून सांगितलं, ड्यूटी लागली. तिने फोन तुमच्या कानाला लावला. तुमचा आवाज पार बारीक झाला होता. "लिस्ट कोण करतं आता?" विचारलंत. मी म्हटलं, मीच, आपा. म्हणालात, "मग ठीक आहे. विचार करूनच लावली असशील." गुरुवारी तुम्ही गेलात.

पंधरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की ड्यूटी होती. लिस्टमध्ये ई आहे, बोर्डावर लागलेला होता, कोणीही बघावा. तो रकाना मी आत्ता पुसला, आपा. त्या महिन्याचाही, सगळ्यांसारखाच. सोमवारी साहेबांना स्वच्छ फाईली मिळतील आणि त्यांत कुठेही काही सापडणार नाही. म्हणून इथे, पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवते. तुमच्या घरी आता तुमच्यापैकी कोण राहतं तेही मला माहीत नाही, आणि हा कागद कोणाकडे द्यायचाही नाही. त्या रविवारी काउंटरवर दुपारी दोनपासून सहापर्यंत कोणीही आलं नाही. मी मोकळीच बसून होते, आणि तुमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.